रेशेन तलाव आणि फिन्शगाउ दरी सायकलवर: आधी चढ मोजा, मग किलोमीटर

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकला राहणारं जोडपं, सप्टेंबरात पाच दिवस मोकळे. इटलीच्या उत्तर टोकाचा रेशेन तलाव आणि त्याखालची, मेरान शहरापर्यंत उतरणारी फिन्शगाउ दरी सायकलने करायची आहे. त्याने पुण्यात असताना सिंहगड पुष्कळदा केलाय, तिच्याकडे ई-बाइक आहे. विचारणं असं की, "तलावाभोवती पंधराच किलोमीटर आहेत आणि तिथून मेरानपर्यंत नुसता उतार. मग पाच दिवस जास्त होतील का? मधे स्टेल्विओचा घाट बसवता येईल का? मुक्काम रोज हलवायचा की एकाच जागी?"

पाच दिवस जास्त होणार नाहीत. पण तुमचा बेत जसा आहे तसा केलात तर पहिले दोन दिवस कंटाळाल आणि तिसऱ्या दिवशी पाय गळतील, कारण सगळा हिशेब किलोमीटरमध्ये मांडलाय. आल्प्समध्ये ते चालत नाही. इथे दिवस ठरतो तो किती मीटर चढायचं, वारा कधी उठतो आणि परतीची गाडी सायकल घेते का, या तीन गोष्टींवर. अंतर चौथ्या क्रमांकावर.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, अनुभवाने सांगतेय. इन्सब्रुकला राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात नवरा आणि मी रेशेनला गेलो. दुसऱ्या दिवशी निवांत नाश्ता करून अकराच्या सुमाराला निघालो. उतारच आहे, घाई कशाला! माल्सपर्यंत हवेत तरंगत गेलो. पुढे दुपारचा वारा समोरून सुरू झाला. उतारावर पेडल मारूनही वेग बाराच्या वर जाईना. मेरानला पोचायला संध्याकाळ झाली, आणि परतीच्या गाडीत सायकलींची जागा भरलेली. दात घासायचा ब्रशसुद्धा वर तलावाकाठच्या खोलीत राहिला होता. चूक कुणाची नाही, आमचीच. त्यानंतर ओळखीचे गट घेऊन त्या दरीत बऱ्याच वेळा गेले, आणि आता बेत उलट्या बाजूने आखते: आधी उंचीचे आकडे, मग वारा, मग मुक्काम.

तर उंचीचे आकडे घ्या. तलावाची पातळी १४९८ मीटर. दरीतलं ग्लुर्न्स गाव ९०७. मेरान ३२५. तलाव ते मेरान एकूण उतार सुमारे पावणेबाराशे मीटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या पंचवीस किलोमीटरांत, ग्लुर्न्स येईपर्यंतच संपतो. उरलेला निम्मा साठेक किलोमीटरांवर पसरलाय, तोही एकसारखा नाही. बाजूच्या ओढ्यांनी हजारो वर्षं दगडमाती आणून दरीत पंख्यासारखे ढीग घातले आहेत, त्यामुळे दरी पायऱ्यापायऱ्यांची आहे: सपाटी, मग एकदम उतार, पुन्हा सपाटी. लास आणि श्लान्डर्सच्या मधे अशी एक मोठी पायरी आहे, आणि ट्योलहून मेरानकडे उतरताना शेवटची, जिथे सायकलमार्गच नागमोडी वळणं घेत खाली जातो. सपाट्यांवर वारा समोर असला की "नुसता उतार" हे शब्द कुणी उच्चारले ते आठवून आपणच आपल्याला शिव्या देतो.

मुक्काम म्हणून रोज हलवू नका आणि एकाच जागीही राहू नका. दोन तळ करा: आधी दोन रात्री तलावाकाठी, मग दोन रात्री ग्लुर्न्स किंवा माल्सला. तलावाकाठी राहून स्टेल्विओ करायचा म्हटलं तर आधी सहाशे मीटर खाली जायचं, अठराशेच्या वर चढायचं आणि संध्याकाळी परत सहाशे मीटर वर यायचं. हे करणारे लोक असतात, पण ते असले प्रश्न विचारत नाहीत.

पहिला दिवस: वर पोचणं

म्युनिकहून रेल्वेने इन्सब्रुकमार्गे लान्डेकला उतरा आणि तिथून सायकलवर निघा. रोमन काळात इथून सैन्याचा रस्ता जायचा, सम्राट क्लॉडियसच्या नावाचा. आजचा व्हिआ क्लाउडिया आउगुस्टा हा सायकलमार्ग साधारण त्याच वाटेने जातो आणि फलक चांगले आहेत. इन नदीच्या काठाने प्फुन्ड्सपर्यंत सोपं आहे. त्याच्या पुढे, काएटान पुलापाशी, मोटारींचा हमरस्ता सरळ नाउडर्सकडे चढतो. तो घेऊ नका. अरुंद, कड्याला चिकटलेला, बोगदे आणि छताखालचे टप्पे, आणि मागून ट्रक. नकाशावर जवळचा दिसतो म्हणून लोक फसतात.

त्याऐवजी नदीकाठानेच पुढे स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनाला जा आणि तिथून नॉर्बर्ट्सहोएचा घाट चढा. मार्टिना १०३५ मीटर, माथा १४०५. म्हणजे ३७० मीटर, अकरा वळणं, चढ एकसारखा, जंगलाची सावली. सिंहगड केलेल्या माणसाला हा घाट म्हणजे गोळेवाडीच्या पुढचा निम्मा रस्ता, आणि त्यात पावलोपावली खड्डे नाहीत. माथ्यावरून लगेच नाउडर्स, मग हलका चढ, खिंड आणि समोर पाणी. दिवसाचे पन्नास-साठ किलोमीटर होतील. सामानासकट पहिल्या दिवसाला हे पुरे. चढायचा अगदीच कंटाळा असेल तर या टापूत सायकली वाहून नेणाऱ्या बसगाड्या हंगामात असतात, पण जागा आधी सांगून ठेवावी लागते.

एक लक्षात घ्या, या दिवशी सायकलवरच तुम्ही तीन देशांत असता. सीमेवर सहसा कुणी विचारत नाही, तरी पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना दोन्ही अंगावर ठेवा, सामानात नव्हे. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे मार्टिना येण्याआधी मोबाइलचा डेटा बंद करा. आमच्या एका गटातल्या काकांनी तिथे तासभर नातवंडांना व्हिडिओ कॉल केला होता. बिल बघून त्यांनी पुढचे दोन दिवस कॉफी घेतली नाही.

तलाव

तुम्ही लिहिलंय, "पानशेतला चक्कर मारतो तसंच ना?" दिसायला थोडं तसं आहे, पण इथे काठाकाठाने सायकलची वाट आहे. पूर्ण फेरी १५ किलोमीटरच्या जरा वर. पूर्वेला हमरस्ता आणि वस्ती, पश्चिमेला जंगल आणि शांतता. पश्चिमेची वाट सपाट नाही, छोटे छोटे चढउतार आहेत, एखाददुसरा चांगलाच उभा. पायी फिरणारे, बाबागाड्या आणि कुत्री घेऊन आलेली माणसंही तीच वाट वापरतात, तेव्हा घंटी वाजवा आणि वेग आवरा.

फेरी सकाळी सात-साडेसातला करा. कारण अगदी साधं आहे: तेव्हा पाणी स्थिर असतं आणि पाण्यातल्या मनोऱ्याचं प्रतिबिंब पडतं. दुपारी वारा उठला की पतंग लावून पाण्यावर धावणारे लोक उतरतात, आणि प्रतिबिंब दिवसभरासाठी संपतं.

मनोऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बहुतेक लोक गाडीतळावर थांबून फोटो काढतात आणि निघतात. पाण्यातून वर आलेला तो घंटेचा मनोरा म्हणजे ग्राउन गावच्या चर्चचा, चौदाव्या शतकातला. इथे मुळात तीन नैसर्गिक तळी होती. धरण बांधून त्यातली वरची दोन एक केली आणि १९५०च्या उन्हाळ्यात जुनं ग्राउन आणि रेशेन गावाचा बराच भाग पाण्याखाली गेला. १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन. तिसरं तळं, हायडरझे, अजून आहे. धरणाखाली उतरलात की लागतं. चर्च पाडलं, मनोरा तेवढा पुरातन वास्तू म्हणून राखला. घंटा आधीच उतरवलेल्या होत्या, तरी हिवाळ्याच्या रात्री त्या ऐकू येतात असं गाववाले सांगतात. ज्यांनी विरोध केला त्यांचं म्हणणं रोममध्ये पोपपर्यंत गेलं होतं, पण धरण झालंच.

मुळशीचा सत्याग्रह ज्यांनी शाळेत वाचलाय, किंवा उजनीचं पाणी ओसरल्यावर वर येणारं पळसदेवचं देऊळ पाहिलंय, त्यांना इथे फोटो काढताना जरा वेगळं वाटतं. मला तरी वाटतं. नव्या ग्राउनात दोन मिनिटं थांबा आणि बघा, सगळी घरं एकाच वयाची आहेत.

हे वीजनिर्मितीचं धरण असल्यामुळे पाण्याची पातळी वर्षभर सारखी नसते. हिवाळाभर पाणी वापरलं जातं, वसंतात तळ उघडा पडतो, मनोऱ्यापर्यंत चिखल आणि वाऱ्यावर उडणारी धूळ असते. मग बर्फ वितळून जूनपासून तलाव भरतो. एप्रिल-मेमध्ये येऊन निराश झालेले लोक मी पाहिलेत. तुमचा सप्टेंबर उत्तम आहे.

फेरी नऊ-सव्वानऊला संपेल. दिवस अख्खा शिल्लक. आता खरी गंमत आहे ती ग्राउनहून पूर्वेला आत शिरणाऱ्या लांगटाउफर्स दरीत. दहा-अकरा किलोमीटर, मेलागपर्यंत, १९०० मीटरच्या वर. चारशे मीटरांचा चढ पण पसरट, रस्ता डांबरी, पुढे कुठेच जात नसल्यामुळे वाहतूक नावापुरती. शेवटाला ३७३८ मीटर उंचीचं वाइसकूगेल शिखर आणि त्याच्या हिमनद्या. मेलागला खानावळ आहे, जेवा आणि त्याच रस्त्याने परत सुसाट. या संपूर्ण सहलीतला माझा आवडता अर्धा दिवस हाच, आणि पर्यटनाच्या पत्रकांत त्याला दोन ओळी मिळतात.

पाय अजून वळवळत असतील तर रेशेनहून रोयेनला चढा. जवळपास १९७० मीटरवरची बारा महिने माणसं राहणारी वाडी, भित्तिचित्रांचं छोटं देऊळ. हा चढ मात्र लांगटाउफर्ससारखा दयाळू नाही. रेशेनच्या वर एच नदीचा उगम आहे, तिथे पाणी एवढुसं की ओंजळीत मावेल. हीच नदी पुढे ४१० किलोमीटर वाहून एड्रियाटिक समुद्राला मिळते. इटालियनमध्ये तिचं नाव आदिजे. प्लामॉर्टच्या पठारावर मुसोलिनीच्या काळातले रणगाडे अडवायचे काँक्रीटचे दात अजून उभे आहेत, पण तिथली वाट खडीची. जाड टायर नसतील तर पायी जा.

गावांना इथे दोन-दोन नावं असतात. हा भाग पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. लोक जर्मन बोलतात, फलक दोन्ही भाषांत. रेशेन म्हणजेच रेझिया, ग्राउन म्हणजे कुरोन, माल्स म्हणजे माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा. फोनवरचा नकाशा एक नाव दाखवतो, बसवाला दुसरं सांगतो. दोन्ही पाठ करा.

खाली उतरणं आणि ग्लुर्न्स

तिसऱ्या दिवशी सामान बांधून उतरा. सांक्ट फालेन्टिन, हायडरझेचा काठ, आणि मग बुर्गआइसपर्यंत सगळ्यात उभा उतार. इथे ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, वळणात सोडा, पॅड आणि डिस्कला गार व्हायला वेळ द्या. सामान लादलेल्या सायकलला थांबायला जास्त जागा लागते, हे रिकाम्या सायकलवर सराव केलेल्यांच्या लक्षात येत नाही. निघण्याआधी पॅड किती उरलेत ते बघा. ई-बाइकचे तर नक्की बघा, ती जड असते आणि पॅड लवकर खाते.

बुर्गआइसच्या वर पांढरीशुभ्र मारीनबेर्ग मठाची इमारत दिसेल. वर जायचं तर दोनशे मीटरांच्या आतला पण तिखट चढ आहे. खाली माल्सचं माळरान पसरलेलं, हाही एका प्रचंड पंख्याचाच उतार. आणि मग ग्लुर्न्स: पूर्ण तटबंदी असलेलं, तीन वेशींचं गाव, लोकसंख्या हजाराच्या आत. दहा मिनिटांत या वेशीतून त्या वेशीत. राहायला याच्यासारखी जागा नाही, कारण संध्याकाळी मोटारीवाले पाहुणे निघून जातात आणि गाव आपलं होतं.

सामान खोलीवर टाकून दुपारी म्युस्टाइरला जा. पुन्हा स्वित्झर्लंड, पुन्हा मोबाइलचं तेच. साधारण बारा किलोमीटर, ३४० मीटरांचा सावकाश चढ. तिथल्या सेंट जॉनच्या मठात बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत. १९८३पासून युनेस्कोच्या यादीत. आत गार असतं, घामेजलेला टी-शर्ट बदलून जा.

स्टेल्विओ

आता मूळ इच्छा. करता येईल, चौथ्या दिवशी, ग्लुर्न्सहून, सामान खोलीवर ठेवून. माथा २७५७ मीटर. पायथ्याच्या प्राड गावाहून चोवीस-पंचवीस किलोमीटर, अठराशे मीटरच्या वर चढ, अठ्ठेचाळीस वळणं. वळणांना आकडे लिहिलेत आणि ते उलटे मोजतात: पहिलं भेटतं ते ४८. पहिले आठ-दहा किलोमीटर आकडे फारसे हलतच नाहीत, झाडीतून नुसता चढ. तिथे उत्साहात वेग लावणारे वाटेतल्या ट्राफोई गावाच्या पुढे बसलेले दिसतात.

सिंहगडाचा घाट ढोबळमानाने सहाशे मीटर धरा. तर हे सलग तीन सिंहगड, मधे उतार नाही, आणि तिसरा अशा हवेत जिथे दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी आहे. सिंहगड तासाभरात करत असाल तर इथे साडेतीन ते चार तास धरा. पहिला सिंहगड वाटला पाहिजे की आपण फारच हळू चाललोय. बस, एवढंच तंत्र आहे.

सकाळी सातच्या आत प्राड सोडा. नऊ-दहानंतर मोटरसायकलींचे थवे येतात, आणि वळणावर बस आली की तिला सगळा रस्ता लागतो. वर्षातून एक दिवस हा घाट फक्त सायकलींसाठी राखतात, बहुधा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. तुमच्या तारखांशी जुळतो का बघा. जुळला तर गर्दी सायकलींची, पण इंजिनाचा आवाज नाही.

उतरताना त्याच वाटेने येऊ नका. माथ्यावरून दक्षिणेला तीनेक किलोमीटर उतरलं की उम्ब्राइल खिंडीचा फाटा लागतो, २५०१ मीटर. तिथून सांता मारिया, म्युस्टाइर आणि ग्लुर्न्स. आता पूर्ण डांबरी आहे, वाहतूक कमी, पण अरुंद आणि वळणं आंधळी. माथ्यावर पाच मिनिटांत अंग गार पडतं, म्हणून उतरण्याआधी कोरडा बनियन, वारा अडवणारं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे. सप्टेंबरात वर बर्फ पडू शकतो. आदल्या रात्री हवामान आणि रस्ता उघडा आहे का, दोन्ही बघा. पाऊस सांगितला असेल तर सोडून द्या. ओल्या रस्त्यावर गारठलेल्या बोटांनी हजार-दीड हजार मीटर उतरण्यात काही मर्दुमकी नाही.

आता ई-बाइकचा प्रश्न, कारण वहिनी वर पोचतील का असं तुम्ही जरा संशयाने विचारलंय. हिशेब सोपा आहे. सायकल, माणूस आणि किरकोळ सामान मिळून शंभर किलो धरा. एवढं वजन हजार मीटर वर न्यायला साधारण २७० वॉट-तास ऊर्जा लागते, तीही घर्षण न धरता. मोटर बॅटरीतल्या विजेतला पाव भाग उष्णतेत घालवते. म्हणजे पाय अर्धं काम करत असतील तर हजार मीटरला बॅटरीतले १८० ते २०० वॉट-तास जातात. मोटरवरच सगळा भार टाकलात तर साडेतीनशेच्या वर. पाचशेच्या बॅटरीवर स्टेल्विओ निघतो, पण मदत कमीत कमी ठेवली तर. जोराच्या मदतीवर तिसऱ्या सिंहगडाच्या पायथ्याशी बॅटरी संपेल आणि पंचवीस किलोचं लोखंड हातात राहील. चार्जर सोबत घ्या, ट्राफोईला खाऊन घेताना लावू द्याल का म्हणून विचारा. बहुतेक हो म्हणतात. आणि आमच्या गटांमधला अनुभव सांगू? वर आधी पोचून कॉफी पिताना सापडतात त्या ई-बाइकवाल्याच. काळजी तुम्ही तुमची करा.

साध्या सायकलला पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान, निदान तेवढ्याच दातांची हवी. पुढे ३४ आणि मागे ३४ चालेल, पुढे ३० असेल तर गुडघे दुवा देतील. टायर ३५ ते ४० मिलिमीटर. रेसिंगच्या बारीक टायरांनी दरीतला मार्ग होतो, पण मधे खडीचे तुकडे आले की मजा जाते.

शेवटचा दिवस, दरी आणि वारा

ग्लुर्न्सहून मेरान, आणि हे सकाळी. उन्हाळ्यात, सप्टेंबरच्या स्वच्छ दिवशीसुद्धा, डोंगर तापले की दुपारी खालून वर हवा ओढली जाते. म्हणजे उतरणाऱ्याच्या तोंडावर. थंडीची लाट येऊन गेल्यावर उलट होतं, खिंडीवरून उत्तरेचा वारा कोसळतो, तेव्हा उतरणाऱ्याची चंगळ आणि तलावाकडे चढणाऱ्याचे हाल. पण बेत आखताना पहिला वारा धरूनच आखावा. आठला निघालात तर बाराच्या आत नाटुर्न्सच्या पुढे असाल.

ही दरी आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या दऱ्यांपैकी, वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आपला माण-खटाव. उत्तरेकडचा, उन्हाकडे तोंड असलेला डोंगर पिवळा आणि उघडा, समोरचा काळाकुट्ट जंगलाचा. शेती तगते ती डोंगरउतारावरून काढलेल्या पाटांवर. या पाटांना इथे वाल म्हणतात, काही शेकडो वर्षं जुने आहेत, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. धुळे-नाशिककडची फडपद्धत माहीत असेल त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटांच्या कडेच्या वाटा पायी चालण्यासाठी आहेत, सायकल घालू नका.

श्लान्डर्सच्या खाली तर सफरचंदांच्या बागा संपतच नाहीत. सप्टेंबरात तोडणी असते. ट्रॅक्टर सायकलमार्गावरही येतात. त्यांचा हक्क आधी, तुम्ही थांबा. फळ तोडू नका, रस्त्याकडेला विकायला ठेवलेलं असतं, डब्यात पैसे टाकायचे. लासला रेल्वेरुळांजवळ पांढऱ्या संगमरवराचे ठोकळे रचलेले दिसतील, तो वरच्या खाणीतला.

खाण्याचं एकदाच सांगते. क्न्योडेल म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. पालकाचे आणि चीजचे शाकाहारी, पण साधे मागितलेत तर आत डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. श्लुत्सक्राप्फेन ही आत पालक-चीज भरलेली उकडलेली करंजीच. आणि इथला राईचा चपटा पाव घ्याच: त्यात निळ्या मेथीचा पाला घालतात. पहिला घास खाल्ल्यावर आमच्या गटात नेहमी कुणीतरी थबकतं आणि म्हणतं, अगं, हा तर घरचा वास! चार पाव विकत घ्या, दोन दिवस टिकतात, घाटात बिस्किटांपेक्षा बरे.

माल्स ते मेरान साठ किलोमीटरची रेल्वे आहे. मधे बंद पडली होती, २००५मध्ये पुन्हा सुरू झाली. वारा उलटला, पाऊस आला, कुणाचा गुडघा दुखला, तर वाटेतल्या कुठल्याही स्थानकावर चढता येतं. पण गाडीतली सायकलींची जागा मोजकी, आणि रुळांची कामं निघाली की काही टप्प्यांवर बस देतात, तिच्यात सायकल घेतीलच असं नाही. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. स्थानकांजवळ भाड्याच्या सायकली मिळतात, एका गावात घेऊन दुसऱ्यात सोडता येतात. तुमच्या तारखांना रेल्वेचा घोळ असेल तर स्वतःच्या सायकली मेरानला ठेवून हा पर्यायही आहे.

मेरानहून बोत्सेन आणि तिथून ब्रेनरमार्गे म्युनिकची थेट गाडी. तिला सायकलचं वेगळं आरक्षण सक्तीचं आहे आणि सप्टेंबरातल्या रविवारी ते आठवडाभर आधी संपतं. मुक्काम नंतर ठरवा, सायकली नंतर तपासा. हे तिकीट आज काढा.